दाबाचा बर्फ

काळुराम बांधावर चिखल टाकायचा तेव्हा टोपली उलटी करून लगेच वळत नसे. आम्ही बाकीचे टोपली झाडली की परत फिरायचो. तो टाकलेल्या चिखलावर उभा राही, टाचेने दाबे, बोटांच्या फटीतून पाणी किती वर येतं ते बघे आणि मग फिरे. त्यामुळे दिवसाअखेर त्याच्या टोपल्या कमी भरत. पण त्याने घातलेला बांध फुटलेला मी पाहिला नाही.

आमचं गाव पेणच्या खाली, खारेपाटात. भरती आली की खाडीचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच असतं. मधे फक्त मातीचा बांध. तो कुठे फुटला की आम्ही म्हणतो खांड गेली. खाऱ्या पाण्याने शेत एकदा भिजलं की पुढची तीन वर्षं भात नाही. म्हणून बांधाचं काम सगळ्यांचं. घरटी एक गडी, मजुरी नाही. कोणाची पाळी चुकली, कोणाची भरली हे महिपती तोंडी सांगायचा. त्याच्या बापाकडे हा मान होता, म्हणून त्याच्याकडे आला. महिपती स्वतः टोपली उचलत नसे. काठी घेऊन उभा राहायचा.

काळुराम आणि मी तरुणपणी मिठागरात एकत्र होतो. पुढे त्याला मुंबईत एका सरकारी वर्कशॉपात खलाशाची नोकरी लागली. खलाशी म्हणजे अवजड वस्तू हलवणारा, दोर-साखळ्या बांधणारा माणूस. शनिवारी एसटीने वडखळला उतरायचा, तिथून चालत घरी. चौऱ्याऐंशी-पंचाऐंशीच्या सुमारास दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या तुकडीला अंगमेहनतीची माणसं हवी होती. साहेबाने विचारलं, थंडी सोसेल का. हा म्हणाला, काम असलं की थंडी वाजत नाही. घेतला त्याला. गोव्याहून बोट निघणार होती आणि दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा आल्याशिवाय परत येणं नव्हतं.

त्याची बायको हौसा रोह्याकडची, धाटावच्या पलीकडच्या डोंगरातली. तिच्या माहेरी भात आणि भातानंतर वाल. गोडं पाणी. लग्न होईपर्यंत तिने खाडी पाहिली नव्हती. जाताना काळुरामने तिला एकच गोष्ट बजावली, की बांधावरची पाळी चुकवायची नाही.

तिने चुकवली नाही. ओल्या चिखलाची टोपली डोक्यावर घेतली की पाय मांडीपर्यंत रुततो आणि चिखल तो धरून ठेवतो. टोपली उचलायला ताकद लागत नाही, पाय काढायला लागते. आमच्या बायका लहानपणापासून हे करतात. हौसाने तिशीत शिकलं. दोनदा तोंडावर पडली, टोपलीसकट. उठली, टोपली परत भरून आणली. हे बघणारे अजून गावात आहेत.

त्या वर्षी पिठोरी अमावास्येच्या उधाणाला खांड गेली. नेमकी हौसाच्या शेतापुढे. मी तेव्हा रस्त्याच्या कामावर गावाबाहेर होतो. पुढचं मला हौसाने सांगितलं आणि नंतर चौघांनी, आणि पाचांचं सांगणं जुळलं.

खांड तोंडावरच बुजवायची तर खोल पाण्यात उभं राहून काम होतं. अवघड, पण होणारं. सगळं गाव लागलं असतं तर पुढच्या भांगेत, म्हणजे भरती कमी असते त्या दिवसांत, झालं असतं. दुसरी वाट सोपी होती. हौसाचं शेत बाहेर सोडायचं, त्याच्या मागून नवा बांध घ्यायचा आणि महिपतीच्या शेताच्या कोपऱ्यावर तो जुन्या बांधाला जोडायचा. महिपतीचं शेत तिच्या शेताला लागूनच. तिचं गेलं तर याचं वाचत होतं.

महिपतीने काठीने मागची वाट दाखवली. हौसाने विचारलं, माझंच शेत का? तो म्हणाला, तुझ्या घराच्या पाळ्या कमी आहेत. ती म्हणाली, एकही चुकली नाही.

"बाईची पाळी गड्यात धरत नाय," महिपती म्हणाला.

"मग मी काय बांधावर वाळत घातलेली व्हते?"

"तू गोड्या पाण्यातली गो. खारीतलं तुला काय कळतंय?"

लोक हसले. मग घाई झाली. पाऊस चालू होता, पुढचं उधाण येणार होतं. नवा बांध एका दमात उंच केला. टोपल्यांवर टोपल्या. दाबायला कोणी थांबलं नाही. हौसा स्वतःच्या शेतात उभी होती. पोटरीपर्यंत आलेलं भात होतं. भरतीला ते पाण्याखाली गेलं आणि ओहोटीला काळं पडून वर आलं.

काळुराम परत आला तेव्हा उन्हाळा होता. घरात पिशवी ठेवली आणि शेतावर गेला. मी बरोबर होतो. जमिनीवर मिठाची पांढरी खपली धरली होती. खेकड्यांची बिळं पडली होती आणि खाऱ्या पाण्यात येणारी तिवरं वीतभर उगवली होती. शेताच्या चारही कडांनी तो फिरला. मग नव्या बांधावर चढला, टाचेने दाबलं, खाली उतरला. हौसाला एवढंच विचारलं की किती वेळा गेलीस बांधावर. ती म्हणाली, प्रत्येक वेळा.

गावाची अपेक्षा होती की कोयता निघेल. महिपती आठवडाभर एकटा घराबाहेर पडला नाही. कोयता निघाला नाही तेव्हा लोक म्हणाले, थंडीत राहून हा थंड झाला. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मारून काय व्हतंय? मार खाल्लेला माणूस चार दिवसांनी उठून बसतो. त्याच्यावर वजन ठेवाया पायजे. उठता येणार नाय असं."

काही दिवसांनी लोकांनी त्याला मारुतीच्या देवळात बसवलं. ध्रुवावरचं सांग म्हणाले. महिपतीही आला होता, खांबाला टेकून बसला. काळुराम एरवी चार शब्द बोलणारा माणूस. त्या दिवशी सविस्तर बोलला, आणि सबंध वेळ महिपतीकडे बघत बोलला.

तो म्हणाला, तिथे पाऊस नाही, बर्फाचा भुगा पडतो. फार पडतो असंही नाही. पण पडलेला वितळत नाही, हा फरक. आपल्या मिठाच्या राशीसारखा कोरडा, मुठीत धरला तर गोळा होत नाही. बर्फाचा अभ्यास करणारे एक बंगाली साहेब होते. त्यांना खड्डा हवा होता. तो काळुरामने खणला. कमरेइतका होईपर्यंत फावडं चाललं. छातीपर्यंत गेल्यावर चालेना, करवतीने चौकोन कापून काढावे लागले. खड्ड्याच्या भिंतीत थर दिसत होते, बांध कापल्यावर दिसतात तसे. एका वर्षाचा थर, त्याखाली आदल्या वर्षाचा. वरचे थर जाड होते, खालचे पातळ. साहेबांनी सांगितलं, पडताना सगळे सारखेच होते. वरच्याचं वजन खालच्यावर बसलं, मधली हवा निघून गेली आणि थर बसला.

कोणी विचारलं, आणखी खाली काय? तो म्हणाला, आणखी खाली पहारीनेही जात नाही. साहेबांकडे पोकळ नळीचं यंत्र होतं. ते हाताने फिरवायचं, दोघांनी. नळीतून आधी बारीक भुगा आला, त्याखाली जाड दाणे आले, साखरेच्या खड्यासारखे, एकमेकांना चिकटलेले, पण फुंकलं तर हवा आरपार जाईल असे. त्याहून खाली ते दाणे एक झालेले असतात, हवा आत कोंडते, तिचे बुडबुडे राहतात. मग ती लादी. निळसर. एवढं व्हायला शंभर वर्षं लागतात, कुठे त्याहून जास्त. पाण्याचा थेंब न होता भुग्याची लादी होते. नुसत्या दाबाने.

महिपती हसला. "पाण्याबिगर बर्फ? आरं, पेणच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन बघ. डबा पाण्यानं भरतात आधी."

"तो पाण्याचा बर्फ," काळुराम म्हणाला. "हा दाबाचा." आणि त्याने मिठागरातल्या जुन्या लोकांना विचारलं, की पावसाळाभर झाकून ठेवलेल्या राशीचं तळातलं मीठ फावड्याने निघतं का? ते म्हणाले, नाही, पहार लागते. तो म्हणाला, मग बघा.

पुढे त्याने हिमनगाचं सांगितलं. ती लादी जागेवर राहत नाही. स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकते, दिवसाला बोटभर, कुठे हातभर. डोळ्याला दिसत नाही, पण रोवलेली काठी वर्षाने पुढे गेलेली असते. सरकत सरकत समुद्रावर येते आणि पाण्यावर तरंगायला लागते. मागचा भाग जमिनीला घट्ट आणि पुढचा पाण्यावर. आता भरती आली की पुढचा भाग वर उचलला जातो, ओहोटी आली की खाली बसतो. मागचा हलत नाही. तो सांधा रोज वाकतो. वाकून वाकून तिथे भेगा पडतात, आणि पुढे टोकाकडेही पडतात. भेग खालून सुरू होते, वरून दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. मग एक दिवस आपल्या गावाएवढा तुकडा सुटतो. वारा नाही, वादळ नाही. तोफेसारखा आवाज आणि तुकडा समुद्रात चालायला लागतो. तो हिमनग. वर दिसतो त्याच्या आठ-नऊ पट पाण्याखाली असतो.

महिपतीने विचारलं, समुद्रातला म्हणजे खारट असेल. काळुराम म्हणाला, गोडा. पडलेल्या भुग्याचा तो, समुद्राचा नाही. आम्ही तो फोडून चहाला वापरला. पातेल्यात टाकला की तडतडतो, शंभर वर्षांपूर्वी कोंडलेली हवा बाहेर पडते.

"खाऱ्या समुद्रात गोडा डोंगर," महिपती सगळ्यांना म्हणाला. "तो पण तडतडणारा. हौसेनं घोळलाय ह्याला गोड्या पाण्यात."

सगळे हसले. त्या दिवसापासून काळुरामचं नाव बर्फ्या पडलं. तो उठला, हसणाऱ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि घरी गेला.

त्याच महिन्यात त्याने स्वतःच्या शेताला खाडीच्या बाजूने बांध घालायला घेतला. गावाच्या बांधाच्या बाहेर, एकट्याने. सुट्टीला आला की चिखलात. तो नसला की हौसा. मला वेळ असला की मीही जायचो. रीत त्याची. एका भांगेत वीतभराचा एकच थर. खाडीतला चिखल कापून आणायचा, पसरायचा, पायाने तुडवायचा, वर पेंढा, आणि थांबायचं. पुढचा थर पुढच्या भांगेत. मधे उधाणाचं पाणी वरून जाऊ द्यायचं. मी म्हणालो, एवढ्या वेळात दुप्पट उंची होईल. तो म्हणाला, उंची होईल, बांध होणार नाही. खालच्याला पाणी सोडायला वेळ द्यावा लागतो. न देता वर टाकलंस तर खालचा आतून भुगाच राहतो.

हे अनेक वर्षं चाललं. सांगायला एक वाक्य लागतं. करताना हौसाच्या दोन्ही पायांची नखं गेली. मीठ आणि चिखल नखाच्या मुळाशी जातो आणि नख उचलून येतं. काळुरामच्या मानेतला मणका सरकला. तरी थर चुकला नाही. महिपती जाता-येता थांबायचा. विचारायचा, काय रे बर्फ्या, तुझा हिमालय किती वर्षांत होणार? काळुराम चिखल तुडवत राही. हौसा एकदा म्हणाली, तुझ्या तेराव्याच्या आधी होईल. तेव्हापासून तो जरा लांबून जायला लागला.

बांध पुरा झाला. त्याचं टोक त्याने महिपतीच्या कोपऱ्याला न भिडवता अलीकडेच मागच्या बांधात वळवलं, तो कोपरा खाडीला उघडाच राहिला. पुढच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं, त्याच्या पुढच्याने आणखी. मग हौसाने भात लावलं. पहिल्या वर्षी चार आणे आलं, नंतर चांगलं.

एकदा ओहोटीला काळुराम मला महिपतीच्या कोपऱ्यावर घेऊन गेला. गावाचा जुना बांध आणि घाईत घातलेला नवा जिथे जोडला होता, तिथे. त्याने खाली वाकून बघायला सांगितलं. खाडीच्या बाजूने, पाण्याच्या पातळीला, बोट जाईल एवढी भेग होती. वरून काही दिसत नव्हतं. जुना बांध घट्ट, हलत नव्हता. नवा आतून भुसभुशीत, उधाणाला फुगायचा, भांगेला बसायचा. सांधा वाकत होता.

मी म्हणालो, महिपतीला सांगूया का.

"मी सांगितलंय," तो म्हणाला. "देवळात. सगळ्यांच्या देखत."

मीही महिपतीकडे गेलो नाही. त्याने सोसलेलं मी पाहिलं होतं. तेव्हाही मला त्याचं चुकलं असं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्यानंतरची वर्षं तो दर उधाणाला तिथे जाऊन भेग बघून यायचा. भेगेत काही घालायचा नाही, तिच्यातून काही काढायचाही नाही. नुसती बघायचा.

सत्त्याण्णवच्या भाद्रपदात ती सुटली. सकाळची भरती होती, पाऊसही नव्हता. आवाज झाला आणि कोपऱ्यावरचा बांध आडवा झाला. महिपतीच्या शेतात पाणी शिरलं. हाकारा झाला, गाव जमलं. काळुराम गणपतीच्या रजेवर घरी होता. फावडं घेऊन आला, हौसा टोपली घेऊन.

महिपतीचे दोघे मुलगे धाटावला कंपनीत शिफ्टवर होते. बांधावर त्याच्या घरातून त्याची बायको गिरजाबाई आली होती. महिपतीकडे काठी होती. पण सगळे त्याच्याकडे न बघता काळुरामकडे बघत होते. एवढ्या पाण्यात हात घालील असा दुसरा माणूस नव्हता.

काय करायचं ते उघड होतं. काळुरामचा स्वतःचा बांध शेजारीच उभा, दगडासारखा. त्याच्या टोकाला टेकून जुन्या बांधापर्यंत आडवा बांध घेतला की खांड तोंडावरच बंद होत होती. महिपतीचं शेत वाचत होतं. थोडी माती, थोडी माणसं.

महिपतीने ते सांगितलं. आवाज खाली आणून, काळुराम असं पूर्ण नाव घेऊन.

"माझ्या बांधाला टेकायचं नाय," काळुराम म्हणाला.

 मग कमळाकर म्हणून एक वयस्क शेतकरी होता, त्याने विचारलं, मग माती टाकायची कुठे? काळुरामने महिपतीच्या हातातली काठी घेतली. महिपतीने सोडली. काळुराम महिपतीच्या शेताच्या मागच्या कडेला गेला आणि तिथे चिखलात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. म्हणजे महिपतीचं शेत बाहेर. बाकी सगळ्यांचं आत.

प्रत्येकाने मनात आपलं शेत रेघेच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहिलं असणार. मीही पाहिलं. आतल्या बाजूचा माणूस बाहेरच्यासाठी भांडत नाही. मागच्या वेळीही हेच झालं होतं.

महिपती त्याच्याजवळ गेला. म्हणाला, "तुला कधीपासून ठावं व्हतं?"

"भेग पडली तेव्हापासून."

"तवाच सांगायचंस."

"सांगितलं तर तू हसशील असं वाटलं."

गिरजाबाईने हौसाचा हात धरला. ती वाईट बाई नव्हती. म्हणाली, "हौसे, अगो सांग गो ह्याला. बाई बाईला नाय बघणार तर कोण बघणार?"

हौसाने हात सोडवून घेतला, रागाने नव्हे, टोपली धरायची होती म्हणून. "तुझी पोरं कंपनीत हायेत, गिरजे. आज रातच्याला जेवाया घरी येतील. माझा तवा बर्फात व्हता. तू तवा ह्याच बांधावर उभी व्हतीस." आणि तिने पहिली टोपली रेघेवर नेऊन ओतली.

मग सगळे लागले. तो बांध काळुरामने उरकायचा म्हणून उरकला नाही. आधी कामचलाऊ पाळ घालून पाणी अडवलं आणि पुढे दर भांगेला गावाला उभं करून थर टाकून घेतले. कोणाला दोन टोपल्या एकदम टाकू दिल्या नाहीत. स्वतः सगळ्यांत खोल चिखलात उभा राहिला. तुडवताना कोणी पाय नुसता ठेवला तर तिथेच परत तुडवायला लावलं. गिरजाबाई प्रत्येक पाळीला आली आणि तिच्या टोपल्या त्याने पूर्ण धरल्या. तो बांध आजही आहे. पेणच्या पुढे पुलावर उभं राहिलं तर लांबून दिसतो.

महिपतीने एकदा मुलांना घेऊन खांड बुजवायचा प्रयत्न केला. मुलांना चिखलाची सवय राहिली नव्हती. एका उधाणात सगळं वाहून गेलं. त्याच्या शेतापुढचा जुना बांध मग तुकड्यातुकड्याने खाडीत पडत राहिला. काळुराम माझ्याबरोबर बघायला बसायचा. मोठा ढेकूळ सुटून पाण्यात गेला की बोट दाखवायचा. त्याला बरं वाटायचं, आणि ते त्याने कधी लपवलं नाही.

गावाने काठी त्याला देऊ केली. त्याने घेतली नाही. म्हणाला, उभं राहायचं काम मला येत नाही. तेव्हापासून बांधाची हजेरी गावातलं कोणीही मांडतं आणि बाई आली की एक पाळी लागते. काळुरामने यासाठी काही केलं नव्हतं. त्याला महिपतीचं शेत पाहिजे होतं, खाडीत. ते झालं.

महिपती दोन वर्षांनी मुलांकडे रोह्याला राहायला गेला. घर मात्र इथेच ठेवलं आहे. दर गणपतीला येतो. तो आल्याचं कळलं की काळुराम स्वतः त्याच्या घरी जातो. अंगणात उभा राहून म्हणतो, चल दादा, बांधावर जाऊन येऊ. महिपतीला नाही म्हणता येत नाही. घरात पाहुणे असतात, आणि शिवाय त्यालाही आपली जमीन बघायची असते. दोघं बांधाच्या टोकाला उभे राहतात. समोर महिपतीच्या शेतात आता माणसाच्या दुप्पट उंच तिवरं झाली आहेत. काळुराम भरती पूर्ण चढेपर्यंत थांबतो आणि महिपतीलाही थांबवतो.

गेल्या वर्षी महिपतीला चालवत नव्हतं. मुलगा म्हणाला, यंदा राहू द्या, काका. काळुरामने ऐकलं नाही. त्याच्या काखेत हात घालून, दर दहा पावलांवर थांबत, त्याला तिथवर नेलं.